सरकारी जागेत पेरलेला तरोटा

नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात मी सरकारी बागेत गाजरगवताचा वाफा वाढवला आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

साहेबांच्या बंगल्यापुढे कॉसमॉसचं बी टाकलं होतं. ते उगवलं, त्याच्यासोबत गाजरगवतही उगवलं. लहानपणी दोघांचीही पानं कातरलेली, दोघांचा हिरवा रंग सारखा. मी बाभुळगाव तालुक्यातल्या तांड्यावरचा माणूस, निंदणाऱ्या बायांच्या मागे मागे चालायला शिकलेला. तण ओळखायला मला कोण शिकवणार? खुरपं घेऊन बसलो आणि दुपारपर्यंत कॉसमॉसचं एकूण एक रोप उपटून कुंपणाबाहेर टाकलं. उरलं त्याला शेणखत दिलं, पाणी दिलं, वाऱ्याने पडू नये म्हणून काड्यांचा आधार दिला. महिनाभरात कमरेएवढा वाफा झाला आणि त्यावर बारीक पांढरी फुलं आली. बाईसाहेबांच्या मैत्रिणी "किती नाजूक!" म्हणाल्या. फुलं फुलदाणीत गेली, फुलदाणी दिवाणखान्यात गेली आणि साहेबांना शिंका सुरू झाल्या. त्या वेळचे साहेब दिलदार होते. नाक पुसत म्हणाले, "राठोड, तुझी मेहनत पाहिली की मला भीती वाटते."

त्यानंतर तीसेक वर्षं मी त्याच वसाहतीत माळी होतो. गाव केळापूर तालुक्यातलं, एवढं पुरे. खात्याचं नाव सांगत नाही. पेन्शन चालू आहे आणि ती चालू राहावी असं घरच्यांचं मत आहे.

माळी म्हणजे झाडं लावणारा, असं लोक समजतात. झाड लावायला किती वेळ लागतो? खड्डा केला, रोप ठेवलं, माती लोटली, झालं. उरलेलं आयुष्य त्याच्या भोवतालचं काढण्यात जातं. आणि तण म्हणजे काय, याची व्याख्या मला नोकरीत कळली. तण म्हणजे साहेबाला नको असलेलं हिरवं. साहेब बदलला की तण बदलतं. एकांनी सदाफुली लावायला सांगितली, त्यांच्या जागी आले त्यांनी "ही स्मशानातली फुलं काढा" म्हणून उपटायला लावली, तिसऱ्यांना मधुमेह होता, त्यांनी परत लावायला सांगितली. मी तिन्ही वेळा "हो साहेब" म्हणालो.

एकदा माझा बाप मला भेटायला आला. मी नळी धरून लॉनला पाणी देत होतो. बाप कुंपणापाशी थांबून बराच वेळ पाहत राहिला. आमच्या घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात, पण इथे सगळ्यांना कळेल असं सांगतो.

"हे कोणतं पीक?" बाप म्हणाला.

"लॉन."

"हे तं हरळी हाये."

"हो."

"मंग याचं करता काय?"

"कापतो."

"जनावराले?"

"नाई. फेकून देतो."

माझ्या बापाने सगळी हयात वावरातली हरळी खणण्यात घालवली होती. तिचं एक पेर मातीत राहिलं तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा सगळीकडे. त्याने वाकून सवयीने एक लांबलचक धागा उपटला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, "घे. तेवढंच तुह्यं काम हलकं."

लॉनमधला खरा शत्रू मात्र लव्हाळा. वरून बिचारा गवताची काडी दिसतो, खाली काळ्या मण्यासारखी गाठ असते. काडी उपटली की माळ्याला समाधान मिळतं आणि गाठीला दोन पिल्लं होतात. मी त्याच्याशी इतकी वर्षं लढलो. हार मानली नाही, पण जिंकलो असंही कोणी म्हणणार नाही. शेवटी शेवटी आमची ओळख झाली होती.

मग आलं तणनाशक. पाठीवर पंप घ्यायचा, दांडा हलवायचा, नोझलमधून फुर्र करत चालायचं. खुरप्याने आठ दिवसांचं काम अर्ध्या दिवसात. मला तर आपण मोठे साहेब झाल्यासारखं वाटलं. पहिल्याच महिन्यात त्याच पंपात गुलाबावरच्या किडीचं औषध कालवलं आणि गुलाबांवर मारलं. पंप धुतला होता. म्हणजे पाणी घालून हलवला होता. आठ दिवसांत गुलाबाची पानं अशी वळली जशी कोणी चिमट्याने कुरळी केली. पंप बिघडला असेल या आशेने मी तो इस्माईलभाईकडे नेला. वसाहतीच्या फाटकासमोर त्यांचं पंप आणि मोटारी दुरुस्तीचं दुकान. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"राठोडसाब, घर में जिस डबे में रॉकेल रखते, उसमेंच दूध लाते क्या?"

"धुतला होता, भाई."

"धोने से रॉकेल का दूध नहीं होता. दो पंप रखो. गवतवाल्या पंपाले लाल चिंधी बांधा, अन् ती चिंधी स्वतःच्या डोक्यालेबी बांधा."

पंपाला चिंधी बांधली. डोक्याला बांधायला हवी होती, ते पुढे कळलं.

आता मैनामायबद्दल सांगायला हवं. मैनाबाई झरी जामणीकडच्या एका पोडावरची कोलाम बाई. पोड म्हणजे त्यांची वस्ती. माझ्यापेक्षा वयाने मोठी, म्हणून मी माय म्हणायचो. वसाहतीच्या मागे पाण्याची टाकी होती. टाकीचं वाहून जाणारं पाणी जिथे मुरायचं तिथे अर्धा एकरभर मोकळा तुकडा, आणि पावसाळ्यात त्यावर तरोटा. तरोटा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पावसाबरोबर उगवणारं तण, संध्याकाळी पानं मिटून घेतं, पुढे पिवळी फुलं आणि विळ्यासारख्या शेंगा येतात. कोवळा असताना लसूण, मिरची आणि भिजवलेली डाळ घालून त्याची भाजी करतात. पावसाळ्यात आमच्याकडे ती झाली नाही असं घर नसेल. बाजाराच्या दिवशी मैनामाय पहिल्या बसने यायची, इळ्याने भाजी कापायची, निवडायची आणि बाजारात वाटे लावून विकायची.

आमचा दोघांचा एक करार होता, न लिहिलेला. भाजी तिची. बदल्यात तिने त्या तुकड्यातलं गाजरगवत दिसेल तिथे उपटायचं. आणि पहिला वाटा माझ्या घरी. तिला ते उपटायचे कष्टही फारसे नव्हते, कारण तरोटा जिथे दाट होतो तिथे गाजरगवताला पाय ठेवायला जागा मिळत नाही. हे मी पुस्तकात वाचलं नाही. माझी आई, म्हणजे आमच्या बोलीत याडी, ती म्हणायची की तरोटा उभा असला तर गाजरगवत दारातूनच परत जातं.

हे असं बरीच वर्षं चाललं. मग नवे साहेब आले. माणूस शिस्तीचा. बोलणं मृदू, कपडे कडक. वरिष्ठांची पाहणी ठरली होती. ते टाकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "राठोड, हे जंगल काय आहे?"

"तरोटा आहे साहेब. भाजी होते त्याची."

"आपलं खातं भाजीचं आहे का?"

"नाही साहेब."

"मग?"

मी "हो साहेब" म्हणालो. पुन्हा. आयुष्यात जेवढ्या वेळा "हो साहेब" म्हणालो त्यातला हा एक मला परत हवा आहे.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी उघाड होती. मी लाल चिंधीचा पंप पाठीवर घेतला आणि सगळंच मारणारं तणनाशक त्या तुकड्यावर फवारलं. मैनामाय दुसऱ्या दिवशी येणार हे मला माहीत होतं. मी इतका काही बेफिकीर नव्हतो. मी पाटी लिहिली! टिनाच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने: "येथे विषारी फवारणी केली आहे. भाजी तोडू नये." अक्षर माझं चांगलं आहे. कडेने वेलबुट्टीही काढली. पाटी तुकड्याच्या मधोमध रोवली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली आणि समाधानाने घरी गेलो.

मैनामायला वाचता येत नव्हतं. इतक्या वर्षांच्या ओळखीत ही गोष्ट मला ठाऊक होती. बसची पाटी तिला मीच कितीदा वाचून दाखवली होती. पण पाटी रंगवताना माणसाला आपलं अक्षर दिसतं, वाचणारा दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच साहेबांनी मला कुंड्या आणायला गाडीतून यवतमाळला पाठवलं. परत आलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. टाकीपाशी गेलो तर तरोट्याचे शेंडे नीट कापलेले. माझी पाटी उपटून उलटी टाकलेली, तिच्यावर देठांचा ढीग. चिखलात बसावं लागू नये म्हणून तिने पाटीचा पाट केला होता आणि त्यावर बसून भाजी निवडली होती.

आता धंद्यातली एक गोष्ट. तणनाशक मारलं की पान त्या दिवशी मरत नाही. चार-पाच दिवस हिरवंगार राहतं, मग पिवळं पडायला लागतं. म्हणजे त्या दिवशी बाजारात मैनामायची भाजी सगळ्यात ताजी दिसत असणार.

मी पळत फाटकाबाहेर आलो. इस्माईलभाई मोटारीची तांब्याची तार गुंडाळत बसले होते. मी काय बोललो ते मला आठवत नाही, पण त्यांनी हातातलं काम तसंच टाकलं आणि स्कूटरला लाथ मारली. वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "उस औरत कू बताया नहीं था?"

"पाटी लावली होती."

ते पुढे काही बोलले नाहीत. स्कूटरवर मागे बसून माणूस शिव्या ऐकू शकतो. न दिलेल्या शिव्या ऐकणं कठीण.

बाजारात मैनामाय आपल्या जागेवर होती. पुढे तीनच वाटे उरले होते.

"ये बापू. आज लय गिऱ्हाईक," ती खुशीत म्हणाली.

"माय, भाजी विकू नको. काल मी जहर मारलं त्याच्यावर."

तिने एक पान उचललं, उलटं करून पाहिलं, नाकाला लावलं. "काहीच्या काही बोलून राह्यला. पान पाह्य कसं हिरवं हाये."

"चार-पाच दिवसांनी जळते ते. खरं सांगतो. कोणाकोणाले विकली?"

तिचा चेहरा उतरला. तिने उरलेले वाटे पटकन पदराखाली ओढले, कोणी चोरून नेईल तसे. मग एकेक सांगायला लागली. वाचता येत नसलं तरी गिऱ्हाईक तिला तोंडपाठ होतं. बांगड्यावाली. पिठाच्या गिरणीवाला. चष्म्याची मास्तरीण. हे तिघं बाजारातच सापडले, भाजी परत मिळाली. पण आणखी चार-पाच जण घरी गेले होते आणि घरं तिला माहीत नव्हती.

शेजारी एक माणूस हातगाडीवर प्लास्टिकची भांडी विकत होता. त्याच्या भोंग्यावर "हर माल, हर माल" चाललं होतं. मी माईक हिसकावला. उभ्या जन्मात माईकवर कधी बोललो नव्हतो. ओरडलो, "ऐका हो! मैनाबाईची भाजी कोणी खाऊ नका! मैनाबाईच्या भाजीत जहर आहे! मैनाबाईचा तरोटा फेकून द्या!"

तीन वेळा म्हणालो. आवाज पार बसस्टँडपर्यंत गेला. बाजार थबकला. लोक धावत येऊन भाजी टाकून जाऊ लागले, कोणी दुसऱ्याकडून घेतलेली मेथीही टाकली. मला वाटलं, उत्तम राठोड, आज तू गाव वाचवलंस. मैनामायकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. रिकामं फडकं झटकत होती, झटकतच होती.

"राठोडसाब," इस्माईलभाई हळूच म्हणाले, "पहला वाटा किधर जाता है?"

माझ्या घरी. मी गावभर बोंबललो आणि माझं घर विसरलो होतो.

घरी पोचलो तेव्हा बायको आणि पोरं जेवायची होती. याडी जेवून बसली होती. तिच्यापुढच्या ताटात भाजीचा हिरवा डाग तेवढा होता. स्कूटरवर मध्ये तिला बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, औषध कोणतं? मी हुशारीने डबा सोबत नेला होता. दिवसभरात केलेलं तेवढंच शहाणपण. त्यांनी डबा वाचला, किती खाल्लं विचारलं, उपचार केले आणि संध्याकाळपर्यंत निजवून ठेवलं. तिला दोनदा उलटी झाली. मी पलंगाच्या कडेला बसून तिचे पाय दाबत होतो. इतका घाबरलो होतो की एकच पाय दाबतोय हे तिने सांगितल्यावर कळलं.

चार वाजता तिला तरतरी आली. मला वाटलं आता शिव्या बसतील. सगळी हकिकत तिने ऐकून घेतली, भोंग्याचीही. मग म्हणाली, "पंप कोणाच्या पाठीवर होता?"

"माह्या."

"मंग भोंग्यावर मैनाचं नाव काहून घेतलंस?"

मी म्हणालो, लोकांना लवकर कळावं म्हणून. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

याडी बरी झाली. ज्यांनी भाजी नेली होती त्यांच्यापैकी कोणाला काही झाल्याचं पुढे कानावर आलं नाही. पण पुढच्या बाजाराला मैनामाय आली, रानातून आणलेली कुर्डूची भाजी मांडून बसली, आणि एकही वाटा गेला नाही. "जहरवाली" म्हणून बाया पुढे सरकल्या. त्याच्या पुढच्या बाजारालाही तसंच. मग ती आलीच नाही. माझं नाव कोणाला माहीत नव्हतं. तिचं मी गावाला पाठ करून दिलं होतं.

साहेबांनी बोलावलं. मी मान खाली घालून उभा. ते म्हणाले, "राठोड, तू प्रसंगावधान दाखवलंस. विशेष म्हणजे कार्यालयाचं नाव कुठे आलं नाही. शाब्बास." नोकरीतली ही माझी दुसरी शाबासकी. पहिली गाजरगवताची होती. तेव्हा मी खूश झालो होतो.

महिन्याभराने तुकडा मेलेला, तपकिरी. साहेब म्हणाले, कडेला थोडं हिरवं दिसतंय, अजून एकदा मारून घे. मी भांडारात गेलो, पंप टेबलावर ठेवला आणि वहीत लिहिलं: "हा पंप मी यापुढे पाठीवर घेणार नाही. खुरपं द्यावं." खाली सही. अक्षर चांगलंच आलं. भांडारातला बाबू म्हणाला, "राठोड, असा रकाना नाही." मी म्हणालो, "आखून घ्या."

मला बागेतून काढून टपाल वाटायला लावलं. पंप दुसऱ्याने मारला. दसऱ्यापर्यंत त्या तुकड्यावर काय उगवलं असेल? गाजरगवत. तरोटा नाही म्हटल्यावर त्याला रान मोकळं. टाकीपासून बंगल्यापर्यंत पांढरी फुलं डुलू लागली. आधी साहेबांच्या हाताला खाज सुटली, मग मानेला. टपाल घेऊन गेलो की ते टाचणीच्या डबीने मनगट खाजवत असायचे. मी मुद्दाम एकेक पाकीट सावकाश ठेवायचो. चांगला माणूस असतो तर तसं केलं नसतं.

"राठोड," एके दिवशी ते म्हणाले, "त्याचं काहीतरी कर."

"करतो साहेब. पंप नाही वापरणार. आणि काय करतो ते मधेच विचारायचं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबाला अट घातली होती. खाज सुटलेल्या माणसाला अट घालणं सोपं असतं, हे मान्य करतो.

हिवाळ्यात तांड्यावर गेलो. धुऱ्यावरचा, म्हणजे वावराच्या बांधावरचा, वाळलेला तरोटा उपटला, शेंगा बडवल्या, पोतंभर बी आणलं. वसाहतीतलं गाजरगवत हातमोजे घालून मुळासकट काढलं, पुन्हा फुलावर येऊ दिलं नाही. आणि पाऊस लागायच्या आधी त्या सरकारी जागेत मुठी भरभरून तरोटा पेरला. तण मारायचा पगार घेऊन तण पेरणारा माळी जिल्ह्यात दुसरा असेल तर त्याने मला भेटावं. साहेबांनी खिडकीतून पाहिलं. विचारलं नाही. अट होती.

आषाढात तुकडा हिरवागार झाला, गाजरगवत कुठे एखाददुसरं. मग मी बसने झरी जामणीकडे गेलो आणि विचारत विचारत पोडावर पोचलो. मैनामाय अंगणात टोपली विणत होती. पाणी दिलं, बस म्हणाली नाही.

"माय, तरोटा आला आहे. म्या पेरला. औषधाचा थेंब नाई."

"बरं."

"येजो बाजाराच्या दिवशी."

"येऊन काय करू? कोण घेते माह्या हातची?" तिने बांबूची काडी दाताने सोलली. "माहं नाव त्या भोंग्यात अडकलं हाये, बापू. तू अडकवलं. जाऊन काढून आण."

त्यानंतरच्या बाजाराला मी त्याच हातगाडीवाल्याकडे गेलो. तो मला पाहून माईक लपवायला लागला. इस्माईलभाईंनी त्याला समजावलं आणि स्वतः माझ्या शेजारी उभे राहिले. माईक हातात आला, तो मी एकदा परत त्याला दिला, मग पुन्हा घेतला. गेल्या वेळी तो हिसकावला होता, कारण तेव्हा नाव दुसऱ्याचं होतं.

"ऐका हो! मी उत्तम राठोड, सरकारी वसाहतीचा माळी! गेल्या वर्षी भाजीवर जहर मारलं ते मी! माझ्या पाठीवर पंप होता! मैनाबाईला मी सांगितलं नाही! ती चांगली, तिची भाजी चांगली! चूक माझी, अन् माझ्या ऑफिसची!"

हेही तीन वेळा. "जोर से," इस्माईलभाई म्हणाले, म्हणून चौथ्यांदाही.

तिसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. बाजारात ध्वनिक्षेपकावरून कार्यालयाची बदनामी का केली, याचं कारण सात दिवसांत द्यावं. मी सात मिनिटांत दिलं. "कारण, ते खरं होतं. पहिल्या वेळी मी एका बाईची बदनामी केली तेव्हा मला शाबासकी मिळाली, ती परत घ्यावी." साहेब म्हणाले, "माफी लिहून दे, प्रकरण मिटवतो." मी म्हणालो, "लिहितो साहेब, पण मैनाबाईच्या नावे लिहितो, आणि तुमचीही सही लागेल." माफी राहिली. सेवापुस्तकात एक ओळ लाल शाईने आली. निवृत्तीच्या सत्कारात ती ओळ वाचून दाखवावी अशी मी विनंती केली होती. ती फेटाळली गेली. हार मात्र घातला, त्यात पांढरी बारीक फुलं होती. मी वास घेतला नाही.

पण मधली गोष्ट राहिली.

त्या दुसऱ्या भोंग्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी, खबर पोडापर्यंत पोचली असेल या आशेने, मी उजाडायच्या आधी फाटकात जाऊन उभा राहिलो. पहिली बस आली. मैनामाय उतरली. हातात पिशवी, कमरेला इळा. माझ्याशी न बोलता टाकीमागे गेली. तरोट्यात मधोमध उभी राहिली, वाकून कोवळा शेंडा खुडला आणि माझ्यापुढे धरला.

"खाय."

"कच्चा?"

"कच्चा."

कच्च्या तरोट्याचा वास ज्याने घेतला असेल त्याला सांगायला नको. मी तोंडात घातला, चावला, डोळ्यात पाणी आलं.

"गिळ. आ कर."

मी आ केला. तिने तोंडात वाकून पाहिलं. मग आणखी दोन शेंडे खुडले, एक टाकीजवळचा, एक कुंपणाजवळचा. तेही खायला लावले. ती आता कापायला बसेल म्हणून मी बाजूला सरलो. ती बसली नाही. पिशवीची घडी केली, काखेत मारली आणि फाटकाकडे निघाली.

"माय, भाजी?"

"तूच सांगतलं नं, चार-पाच दिवसांनी जळते म्हणून?" ती म्हणाली, आणि परतीच्या बसमध्ये चढली.

पुढचा आठवडा तिने पोडावर काढला. मी बागेत काढला, आणि खरं सांगतो, औषधाचा थेंब मारला नव्हता तरी रोज सकाळी आरशात जीभ बाहेर काढून पाहत होतो.

बाजाराचा दिवस उजाडला. बस थांबली. मैनामाय उतरली, फाटकात थांबली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. खालची पापणी ओढून डोळ्यातही पाहिलं.

"जित्ता हायेस," ती म्हणाली.

मग कमरेचा इळा काढला.

"सरक बाजूले. बाजार भरून राह्यला."